अनुपमाची वेबसाइट आणि दौंडचं बारसं

अनुपमाच्या वेबसाइटमध्ये एकही चूक नव्हती. हे मत खुद्द अनुपमाचं होतं, आणि अनुपमाची मतं पक्की असतात. शिरूरच्या त्यांच्या सोसायटीत पाण्याची टाकी कुठल्या कोपऱ्यात हवी होती इथपासून ते रांजणगावच्या कारखान्यात तिच्या नवऱ्याची, म्हणजे रविराजची, बढती नेमकी कुणामुळे अडली आहे इथपर्यंत प्रत्येक विषयावर तिचं मत तयार असतं. वाईट गोष्ट अशी, की ते बहुतेक वेळा बरोबर निघतं. त्यामुळे तिला कोणी टोकत नाही.

वेबसाइटचं कारण झेंडू. तिच्या सासूबाई रतनबाई केंदूरला राहतात आणि दरवर्षी झेंडू लावतात. शेजारच्या चार घरच्या बायाही लावतात. यंदा दसऱ्याला पुण्याच्या बाजारात झेंडूचा पूर आला आणि केंदूरच्या फुलांचे ढीग संध्याकाळपर्यंत तसेच पडून राहिले. टेम्पोबरोबर गेलेल्या रतनबाई घरी परतल्या त्या एक शब्द न बोलता. रतनबाई बोलत असल्या की घराला धाक असतो, पण त्या गप्प बसल्या की मांजरसुद्धा अंगणात जाऊन बसतं. त्या दिवशी अनुपमा सणाला तिथंच होती. तिला ती शांतता सहन होईना.

"मामी, दिवाळीचा झेंडू बाजारात पाठवायचाच नाही," ती म्हणाली. सासूला मामी म्हणायची त्या घरची रीत. "शिरूर आणि दौंड, दोन्ही गावांत मी घरोघरी विकते. मोबाइलवरनं. लोक ऑर्डर देतील, आपण पोचवू."

 रतनबाईंनी टेम्पोवाल्याला निरोप धाडला, की दिवाळीला येऊ नको. शेजारणींनीही तसाच निरोप धाडला. झेंडू केंदूरच्या वावरात आणि त्याचा सगळा भार अनुपमाच्या मोबाइलवर, अशी परिस्थिती झाली.

तिनं फुकटचे व्हिडिओ बघून वेबसाइट करायला घेतली. कुकरच्या शिट्ट्या मोजत, कणीक मळत, अंगठ्यानं स्क्रीन पुढं सरकवत ती शिकली आणि थोड्याच दिवसांत 'केंदूरची फुलं' नावाची वेबसाइट उभी राहिली. पहिल्या पानावर झेंडूचा भलामोठा फोटो. खाली केंदूर गावाची माहिती. त्याच्या खाली रतनबाईंचं मनोगत, जे अनुपमानंच लिहिलं होतं आणि ज्यात रतनबाई 'निसर्गाशी असलेलं अतूट नातं' वगैरे बोलत होत्या.

आता व्हिडिओत एक चष्मेवाला गृहस्थ होता. त्याचं म्हणणं, वेबसाइट लोकांना वापरता येते का, हे मोठ्या कंपन्या पैसा ओतून तपासतात, पण आपल्यासारख्यांना त्याची गरज नाही. पाच माणसं, एक खुर्ची आणि आपलं बंद तोंड एवढ्यावर भागतं. माणसाला खुर्चीत बसवा, एक काम सांगा, मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगा आणि मदत अजिबात करू नका. तो जिथं अडखळेल तिथं तुमची चूक. "तुमची वेबसाइट तुम्हाला सोपी वाटते, कारण ती तुम्ही केली आहे," असं तो वर म्हणाला. हे वाक्य त्यानं इतर बायकांना उद्देशून म्हटलं असणार, असं अनुपमाला वाटलं. तरी फुकटात होतंय तर करून टाकू म्हणून तिनं सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'रविवारी सकाळी हॉलमध्ये चाचणी आहे. पाच जण हवेत.'

मिनिटाच्या आत सोसायटीचे सेक्रेटरी पोपटराव यांचं उत्तर आलं. पोपटराव पंचायत समितीतून निवृत्त झाले, पण पंचायत समिती काही त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्यांनी कळवलं, की हॉल हवा असल्यास रीतसर अर्ज द्यावा. अनुपमानं अर्ज दिला. अर्जात कार्यक्रमाचं स्वरूप नाही म्हणून तो परत आला. तिनं 'वेबसाइटची वापरचाचणी' असं लिहून दिलं, तर पोपटराव म्हणाले, असा प्रकार आपल्या नियमावलीत बसत नाही. हॉल वाढदिवस, मासिक सभा, आरोग्य शिबिर आणि महिला मेळावा एवढ्यालाच देता येतो.

"मग महिला मेळावा लिहा," अनुपमा म्हणाली.

"लिहायला हरकत न्हाई. पण मेळावा म्हंजी बॅनर आला, नारळ आला, अध्यक्ष आले."

"अध्यक्ष कोण?"

"आता ते काय मी माझ्या तोंडानं सांगू व्हय," पोपटराव म्हणाले आणि लाजले.

रविवारी बॅनर लागला, नारळ फुटला आणि अध्यक्षांनी 'आजची स्त्री आणि इंटरनेट' या विषयावर प्रदीर्घ भाषण केलं. ते संपेपर्यंत पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, सुलक्षणाकाकू, पिवळ्या पडल्या होत्या. अनुपमानं काळजीनं विचारलं, "काकू, बरं वाटत नाही का?"

"चाचणी हाय म्हणलीस ना गं. म्हणून रात्रीपासनं पोटात काही न्हाई घेतलं. रक्त कवा काढणार?"

आणखी दोघी तिघी तशाच आल्या होत्या. मग काय, अनुपमानं घरी धाव घेतली, पातेलंभर पोहे केले, चहा केला आणि सगळ्यांना पोटभर खाऊ घातलं. त्यानंतर चाचणी सुरू झाली. सुलक्षणाकाकूंना खुर्चीत बसवून तिनं हातात मोबाइल दिला. "काकू, एक किलो झेंडू मागवायचाय. मनात येईल ते मोठ्यानं बोला. मी काही सांगणार नाही."

काकू बोलल्या. मोठ्यानं आणि न थांबता बोलल्या. पोह्यात शेंगदाणे जास्त पडले होते ते छान लागले, हा पंखा कधीचा आवाज करतो आणि सेक्रेटरींना घरात सांगूनही ते ऐकत नाहीत, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दिवाळीआधीच नवा सोफा घेतला, हे सगळं बोलल्या. वेबसाइटबद्दल त्यांच्या मनात काही येतच नव्हतं. शिवाय काकूंना एकटीला खुर्चीत बसवून बाकीच्यांनी नुसतं बघायचं हे कुणालाच जमेना. चार बोटं चार दिशांनी स्क्रीनवर पडत होती. "अगं इथं दाब." "तिथं नको, खाली खाली." अनुपमा ओठ घट्ट मिटून उभी होती. तोंड बंद ठेवायचं काम तिनं आयुष्यात पहिल्यांदाच केलं, आणि तिच्या मानेवरची शीर उठून दिसत होती.

शेवटी तिनं विचारलं, "कशी वाटली?"

"छान हाय गं. लई छान."

दुसरी म्हणाली, छान. तिसरी म्हणाली, मस्त. पोपटराव चष्मा घरी विसरून आले होते, तरी त्यांनी मोबाइल हातात घेऊन "उत्तम, सुटसुटीत आणि मार्गदर्शक," असा शेरा दिला. आपलं मत बरोबर निघाल्याचा आनंद अनुपमाला दुपारपर्यंत पुरला. दुपारी तिनं आलेल्या ऑर्डरी उघडून बघितल्या. एकही नव्हती. सगळ्या बायकांनी मिळून पाव किलो झेंडूसुद्धा मागवलेला नव्हता.

रविराज सोफ्यावर पेपर वाचत होता. तो म्हणाला, "तुझे पोहे खाऊन तुझ्याच तोंडावर कोण काय बोलणार? ज्याच्या घरचा चहा घेतला त्याच्या वस्तूत खोट काढायची नसते. आमच्याकडं कारखान्यात तपासायला येतात ना, त्यांना आम्ही आधी नाष्टाच देतो."

हे तिला पटलं. पुढच्या वेळी तिनं एकेकीला घरी बोलावलं आणि चहा दिला नाही. पाणीसुद्धा मागितलं तरच दिलं. हा प्रयोग शास्त्राला धरून असेल, पण शिरूरला धरून नव्हता. वेबसाइटला तेव्हाही सगळ्या 'छान' म्हणाल्याच, फक्त जरा हळू आवाजात आणि कणवेनं. संध्याकाळी सुलक्षणाकाकू पदराखाली भाजीचा डबा झाकून घेऊन आल्या. रात्री पोपटरावांनी रविराजला जिन्यात गाठलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कंपनीत काही झालं असंल तर मोकळेपनानं सांगा. सोसायटी तुमच्या पाठीशी हाय. मेंटेनन्सचं नंतर बघू." रविराजनं वर येऊन दार लावलं आणि बायकोकडं न बघता स्वतःच चहा ठेवला. अनुपमाला भयंकर अपमान वाटला. तिचा स्वतःचा वाटला, नवऱ्याचा वाटला, आणि तिनं रोज लक्ष घालून केलेल्या चहाचाही वाटला.

दिवाळी जवळ येत होती. झेंडू काही कुणासाठी थांबत नाही, कळ्या फुगायला लागल्या होत्या. अनुपमा शनिवारची एसटी धरून केंदूरला गेली.

रतनबाई आणि शेजारणी ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. अनुपमानं मोबाइल सासूच्या हातात दिला. रतनबाई रोज व्हिडिओ कॉलवर बोलतात, नातवाचे फोटो पुढं पाठवतात, त्यांना मोबाइलची धास्ती नाही. त्यांनी स्क्रीन न्याहाळली, एकदा दाबली, दुसऱ्यांदा दाबली आणि विचारलं, "कुनी केली ही?"

'मी' हा शब्द अनुपमाच्या जिभेवर आला होता. पण सासूच्या चेहऱ्यावर तिला तेच दिसलं जे सोसायटीत दिसलं होतं: तोंडभर 'छान' म्हणायची तयारी. आणि तिच्या तोंडून दुसरंच निघालं.

"आमच्या साईनं. दौंडच्या."

साई म्हणजे अनुपमाचा धाकटा भाऊ. दौंडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तो तिच्या माहेरचा होता, आणि सुनेच्या माहेरचं काही हातात आलं की ते नीट उलटून पालटून बघणं हे कुठल्याही सासरचं कर्तव्यच असतं. रतनबाईंनी लग्नापासून आजपर्यंत अनुपमाच्या माहेराबद्दल एक वाकडा शब्द काढला नव्हता. त्या खानदानी बाई. पण काढला नव्हता म्हणजे साठला नव्हता असं नाही.

"तरीच," रतनबाई म्हणाल्या, आणि बांध फुटला. "एवढा मोठा झेंडू लावलाय, त्याच्यावर बोट ठेवलं तर काहीच व्हईना. म्हंजी फूल दाखवायचं आन् द्यायचं न्हाई. तुमच्या लग्नात जिलबी अशीच हुती. ताटात दिसली, खायला मिळाली न्हाई."

शेजारणी सरसावून बसल्या. "आन् हे काय, पुढं जा, पुढं जा! पुढं कुठं जा?"

"कार्ट म्हंजी काय गं?"

"त्यात फुलं टाकायची," अनुपमा म्हणाली आणि लगेच जीभ चावली, कारण सांगायचं नव्हतं.

"मग पाटी म्हना की. फुलं आपन पाटीत टाकतो. दौंडला काय बैलगाडीत टाकत्यात?"

मग रतनबाई पत्त्यापाशी आल्या. फ्लॅट नंबर, विंग, मजला, सगळं भरल्याशिवाय वेबसाइट पुढं सोडत नव्हती. त्यांनी चिकाटीनं लिहिलं, 'म्हसोबाच्या मागं, चिंचेजवळचं घर.' खाली लाल अक्षरं उमटली: 'अवैध पत्ता'.

रतनबाईंनी मोबाइल शेजारणींपुढं धरला.

"अवैध?" रतनबाई म्हणाल्या. "माझं घर अवैध? वाळू उपसनाऱ्यास्नी म्हनत्यात तसं? आमच्या सासऱ्याच्या हातचं घर हाय हे. अन् तुझा भाऊ दौंडात बसून त्याला अवैध म्हनतो?"

अनुपमा मान खाली घालून मोबाइलवर भराभर टिपत होती. एकेक शब्द तिला लागत होता, कारण 'अवैध पत्ता' हे तिनंच रात्री जागून लिहिलं होतं आणि तेव्हा ते तिला फार कायदेशीर आणि रुबाबदार वाटलं होतं. पण त्या एका दुपारी तिला सोसायटीच्या सगळ्या 'छान'मधून मिळालं नाही ते मिळालं. निघताना रतनबाई म्हणाल्या, "त्याला सांग, हे असलंच राहनार असंल तर टेम्पोवाल्याला मी उद्या फोन करते. माझा झेंडू असल्याच्या भरवशावर न्हाई सोडायची."

"सुधारून घेते मी त्याच्याकडून," अनुपमा म्हणाली. तिचा आत्मविश्वास अजून शाबूत होता. तो आता फक्त भावाच्या नावावर चालला होता.

ती दोन दिवस मोबाइलला चिकटून बसली. फोटोवर बोट ठेवलं की फुलं पाटीत जाऊ लागली. म्हसोबाच्या मागचं घर वैध झालं, फक्त खोट्या ऑर्डरी नकोत म्हणून सुरुवातीलाच नंबर आणि ओटीपी आला. रतनबाईंचं मनोगत तळाशी गेलं. इतकी सुंदर युक्ती सापडल्यावर ती एकदाच वापरून सोडणारी अनुपमा नव्हे. दौंडला भावजय बाळंत झाली होती, तेव्हा माहेरी जायचं होतंच. तिथं आई, म्हणजे धुरपदाबाई, आणि जमलेल्या मावश्यांच्या हाती मोबाइल देऊन तिनं सांगितलं, "आमच्या नणंदेनं केलीय. रुपालीताईंनी."

रुपाली ही रविराजची थोरली बहीण, पाबळला दिलेली. साईच्या लग्नात हिनं मानाची साडी उलगडून बघितली होती आणि रंग आवडला नाही म्हणून भर मांडवात बदलून मागितली होती. दौंडकर हे विसरले नव्हते. धुरपदाबाईंनी मोबाइल असा धरला जसा कोर्टात पुरावा धरतात.

"बघ, बघ! झेंडू मागायच्या आदी नाव, मोबाइल नंबर, मग तो काय ओटीपी. अगं, दुकानात शिरल्याबरोबर कुनी दुकानदार म्हनतो का, आदी तुमचा नंबर सांगा, मग माल दाखवतो?"

"साडी आदी बघितली तिनं, मग नापसंत केली," एक मावशी म्हणाली. "हिथं मात्र बघू देत न्हाई."

"आन् नुसतं किलोनी? तोरनाला लागतो पावशेर. उरलेल्याचं काय करायचं, नणंदेच्या गळ्यात घालायचं?"

खोलीत हशा पिकला. अनुपमाही हसली, आणि टिपत राहिली. परतीच्या एसटीत तिला वाटलं, चष्मेवाल्याला हे कुणीतरी कळवायला हवं. पाच माणसं आणि एक खुर्ची एवढ्यानं होत नाही, सोबत एक नणंद लागते.

एवढं सगळं सुरळीत चाललं असताना बाळाचं बारसं आलं. दिवाळीला आठवडाच राहिला होता. आमंत्रण अर्थातच केंदूरलाही गेलं आणि पाबळलाही, आणि अनुपमाला हे माहीत असूनही तिच्या डोक्यात काहीच खटकलं नाही, कारण ती त्या वेळी ओटीपी शेवटच्या पानावर नेण्यात गुंतली होती. हुशार माणसांचं असं होतं.

बारशाच्या दिवशी दौंडच्या घरात पाळणा सजला होता. आत्याचा मान अनुपमाचा. बाळाच्या कानात नाव तिनं सांगायचं आणि ती पाळण्यावर वाकली की बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. केंदूरहून जीप करून रतनबाई आल्या, वाटेत पाबळहून रुपालीला घेऊन. रतनबाईंनी विहिणीची गळाभेट घेतली, बाळाला बघितलं, आहेर दिला आणि मग दाराशी अदबीनं उभ्या असलेल्या साईला बाजूला बोलावलं. त्याच वेळी धुरपदाबाईंनी रुपालीच्या ओटीत नारळ घातला आणि तिला जवळ बसवून घेतलं. अनुपमानं हे दोन्ही एकदम बघितलं. ती साईकडं निघाली. पण तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, चला, मुहूर्त टळतोय, आत्याबाई कुठायत, आणि तिला पाळण्यावर वाकावं लागलं.

वाकल्यावर कान मोकळे असतात.

"साईराव, वाईट वाटून घिऊ नका," डावीकडून रतनबाईंचा आवाज आला. "पहिलीच खेप हाय. माझ्या घराला अवैध म्हनलात ते मी सोडून दिलं. पर माझा समदा झेंडू तुमच्या भरवशावर वावरात उभा हाय."

"माझ्या? मी काय केलं?"

उजवीकडून धुरपदाबाई मायेनं सांगत होत्या, "रुपाली, शिकनाऱ्याचं चुकतंच गं बाई. हळूहळू जमंल. पन आल्या आल्या मानसाला नंबर इचारू नाही."

"मी कुणाला नंबर विचारला?" रुपालीचा आवाज चढला. "वहिनी! ह्या काय म्हणतायत?"

"ताई," साई म्हणाला, "कसली वेबसाइट?"

अनुपमानं बाळाच्या कानात घाईघाईनं "सायली" असं सांगितलं आणि त्याच क्षणी पाठीवर धपाटे सुरू झाले. रीतीनं ते हलके घालायचे असतात. पहिले दोन तसेच होते. तिसरा रुपालीचा होता हे न बघताही कळत होतं, आणि चौथा चक्क तिच्या आईचा होता. ती सरळ उभी राहिली तेव्हा दोन्ही घरं तिच्याकडं बघत होती. पाठ हुळहुळत होती, तोंड लाल झालं होतं.

"साईनं काही केलं नाही. रुपालीताईंनीही नाही," ती म्हणाली. "वेबसाइट माझी आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत मी केलीय. खरं सांगितलं असतं तर कुणी बोललं नसतं, म्हणून मी तुमची नावं घेतली. चुकलं माझं."

 मग जे झालं ते तिच्या अंदाजाबाहेरचं होतं. कुणी रागावलं नाही. सगळी माणसं एकाएकी सभ्य झाली.

"अगं मग आदी न्हाई का सांगायचं," धुरपदाबाई म्हणाल्या. "छान केलीय की. मला तवाच आवडली हुती."

"तो फोटो किती मोठा, टपोरा," मावशी म्हणाली.

"सुंदर," रुपालीनं ओठ दाबून सांगितलं.

अनुपमाला रडू कोसळायचं बाकी राहिलं. पाठीवरचे धपाटे परवडले, पण हे नको होतं. दिवाळी आठवड्यावर, केंदूरचा झेंडू फुलून उभा, बाजाराची वाट तिनंच बंद केलेली, आणि आता वेबसाइट चालते की नाही हे तिला जगात कुणीही खरं सांगणार नव्हतं. "असं नका हो करू," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "माझी आहे म्हणून छान म्हणू नका. मामींनी माझ्या शब्दावर टेम्पो परत पाठवलाय. उद्या फुलं वावरात सुकली तर मी काय तोंड दाखवू?"

रतनबाई इतका वेळ काहीच बोलल्या नव्हत्या. त्यांचं गप्प बसणं काय असतं ते अनुपमाला ठाऊक होतं, म्हणून ती त्यांच्याकडं बघायचं टाळत होती.

"आन तो मोबाइल इकडं," रतनबाई म्हणाल्या.

त्या पाळण्याशेजारच्या खुर्चीत बसल्या. चष्मा लावला. सगळं घर त्यांच्याभोवती उभं राहिलं आणि या खेपेला कुणाचंही बोट मध्ये आलं नाही. रतनबाईंनी झेंडूवर बोट ठेवलं, फुलं पाटीत गेली. पावशेर निवडला. पत्ता टाकला, म्हसोबाच्या मागचं घर कुरकुर न करता घेतलं गेलं. शेवटी नंबर दिला आणि स्क्रीनवर आलं, 'तुमची ऑर्डर मिळाली. धन्यवाद.' घरभर सुटकेचा श्वास ऐकू आला. साईनं टाळीसुद्धा वाजवली.

रतनबाई मात्र स्क्रीनकडं बघतच राहिल्या होत्या. "छान हाय," त्या सावकाश म्हणाल्या.  "असं म्हनले असते मी. परक्याचं असतं तर म्हनले असते आन् मोबाइल परत दिला असता. पर तू माझी हायेस, म्हनून सांगते. हे चुकलंय."

"काय चुकलंय, मामी?"

"धन्यवाद म्हनतीय ही. पर फुलं येनार कवा? सकाळी येनार का सांजच्याला? कुठल्या दिवशी? लक्ष्मीपूजन झाल्यावर फुलं दारात आली तर ती काय मी गाईला घालू? कोन बाई असली आर्डर देईल?"

अनुपमानं मोबाइल घेतला आणि बघितलं. खरंच नव्हतं. फोटो होता, पाटी होती, निसर्गाशी अतूट नातं होतं, आणि फुलं कधी येणार हे कुठंच नव्हतं. इतक्या हातांतून गेलेल्या वेबसाइटमध्ये ही गोष्ट एकालाही दिसली नव्हती, आणि तिला स्वतःला तर नाहीच नाही. तिला आपल्या डोक्याची लाज वाटली, आणि त्याहून कितीतरी जास्त, सासूनं तोंडावर 'चुकलंय' म्हटल्याचा आनंद झाला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, रतनबाईंनी तिच्या स्वयंपाकाला, तिच्या साडीला, तिच्या माहेराला कायम 'छान' म्हटलं होतं.

"अजून काय, मामी?" तिनं विचारलं आणि त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसली.

"अजून? बस, सांगते. लई हाय."

"मीबी सांगते," धुरपदाबाई पुढं सरकल्या. "मला ती अक्षरंच दिसत न्हाईत. तुला तवा म्हनले न्हाई."

"तो हिरवा रंग कुणी निवडला वहिनी? औषधाच्या दुकानासारखा दिसतोय," रुपाली म्हणाली, आणि तिला फार बरं वाटलेलं दिसलं.

पाळण्यातली सायली भुकेनं रडायला लागली तरी कुणी हललं नाही. शेवटी भावजयीनं येऊन तिला उचललं, आणि जाता जाता अनुपमाच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावून तीही एक चूक सांगून गेली.

ते सगळं दुरुस्त व्हायला अनुपमाला तीन रात्री लागल्या. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी सगळ्या ऑर्डरी पोचवून झाल्या तेव्हा केंदूरच्या वावरात एक फूल उरलं नव्हतं. रतनबाईंनी स्वतःच्या दाराला तोरण लावायला शेजारच्या गावाहून झेंडू आणला. तो बांधायला त्या स्टुलावर चढल्या आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून सांगत राहिल्या, "आमच्या सुनंनं केलीय ती वेबसाइट. अजून लई चुका हायत त्यात. या, दाखवते."